परवडणारी हाय-फाय जोडी घेताना : रूप किती, आवाज किती

जानेवारी २०२५ मध्ये ठरलं की हॉलमधला साउंडबार काढायचा आणि तिथे रीतसर स्टिरिओ स्पीकरांची जोडी बसवायची. सगळं धरून मर्यादा पन्नास हजारांची. खोली बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या घरांत असते तशी: १२ बाय १६ फूट, दहा फुटांवर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, एका भिंतीला काचेची शोकेस, आणि दिवसभर मागच्या गल्लीतून येणारा यंत्रमागांचा खडखडाट. ऐकायचं मुख्यतः ख्याल, नाट्यगीतं, अभंग, पोरांचं वेगळं. असंच काही घ्यायचंय पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशांसाठी झालं तसं क्रमाने लिहितोय.

घरात पहिला वाद झाला तो आवाजावरून नाहीच. "ते काळं खोकं टीव्हीशेजारी उभं राहणार होय?" यावरून. हाय-फायची, म्हणजे मुळाबरहुकूम आवाजाची, हौस असलेले लोक या प्रश्नाला हसतात. हसू नये. घरच्यांना जे बघवत नाही ते दोन महिन्यांत शोकेसच्या कप्प्यात नाहीतर दाराआड सरकतं, आणि जागा बदलली की आवाजात जो फरक पडतो तो बऱ्याचदा मॉडेल बदलल्याहून मोठा असतो. म्हणून रूपाचं बोलणं आधीच उरकून घेतलं: रंग कुठला, उंची किती, जाळी लावून की काढून, आणि भिंतीपासून किती पुढे आलेलं चालेल. ठरलं असं, की रंग अक्रोडी, जाळी एरवी लावलेली, आणि पेटीची मागची बाजू भिंतीपासून फूटभर सुटी. ही शेवटची कबुली सगळ्यात मोलाची. ती मिळत असेल तर रंगासाठी हुज्जत घालू नका. आवाजाचा निकाल मात्र न बघता लावायचा.

न बघता का, याला आधार आहे. १९९४ साली ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हर्मन कंपनीतल्या ४० कर्मचाऱ्यांना तेच चार स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर ठेवून. समोर दिसल्यावर मोठ्या, देखण्या पेट्यांचे गुण वाढले आणि प्लास्टिकच्या छोट्या स्वस्त संचाचे घसरले. पडद्याआड तोच संच बरा टिकला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पडद्याआडून ऐकताना स्पीकरची जागा बदलली किंवा गाणं बदललं की लोकांची मतं बदलत होती. डोळ्यांनी बघताना ती फारशी हललीच नाहीत. स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसांची ही तऱ्हा, तर आपलं काय घ्या.

रूपातलं निव्वळ रंगरंगोटी कोणतं आणि खरोखर कानावर येतं ते कोणतं, हे वेगळं काढता आलं पाहिजे. पियानो ग्लॉस, खऱ्या लाकडाचा पातळ थर म्हणजे विनिअर, छापील विनाइल (लाकडासारखा दिसणारा प्लास्टिकचा पापुद्रा), वूफरभोवतीची (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या भागाभोवतीची) क्रोमची रिंग, स्क्रू झाकणारी पट्टी, तांबूस किंवा सोनेरी कोन (वूफरचा हलणारा शंकू) यांचा आवाजाशी जवळजवळ संबंध नाही. एकाच मॉडेलच्या विनाइल आणि विनिअर आवृत्तीत काही हजारांचा फरक असू शकतो. आतली पेटी, वूफर, ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा भाग), क्रॉसओव्हर (सूर त्या दोघांत वाटणारं सर्किट) तेच. ग्लॉसला तर दिव्यांचं प्रतिबिंब पडतं आणि फडकं मारून मारून ओरखडे दिसायला लागतात, तेव्हा तो नकोच.

उलट काही गोष्टी शोभेच्या वाटतात पण नसतात. पेटीच्या पुढच्या कडा गोलसर असल्या तर ट्वीटरचा आवाज तिथे आपटून फुटत नाही. धारदार कडेवरून तो दुसऱ्यांदा पसरतो आणि वरच्या सुरांत बारीक खाचखळगे पडतात. ट्वीटरभोवतीची उथळ बशीही नक्षी नाही. तिच्यामुळे आवाज बाजूंना किती पसरावा हे आवरलं जातं आणि वूफरशी सांधा नीट जुळतो. जाळीचं कापड निरुपद्रवी, पण त्याची जाड चौकट ट्वीटरला खेटून असेल तर ती कडेसारखंच काम बिघडवते. म्हणून ऐकताना जाळी काढायची, एरवी लावायची. घरात लहान पोरं असतील तर जाळी हवीच, कारण ट्वीटरचा डोम म्हणजे बोट लावावंसं वाटणारा फुगा. रेशमी डोम दबला तर चिकटपट्टीने अलगद ओढून बऱ्याचदा वर येतो. धातूचा डोम चेपला की चेपलाच.

सडपातळपणाची किंमतही कानाला मोजावी लागते. छोटी पेटी, खोल बास आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिघांतलं दोनच एका वेळी मिळतं. केएलएच या जुन्या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. नाजूक, देखणा आणि तरीही 'दणदणीत बास' अशी जाहिरात दिसली, तर तिसरी बाजू कुठे कापली आहे ते कागदावर शोधायचं.

कागदावर काय बघायचं तेही सांगतो. संवेदनशीलता, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. स्वस्त बुकशेल्फ स्पीकरांत ती ८४ ते ८८ च्या दरम्यान असते, आणि ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट. दुसरं, ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते. ८ किंवा ६ असेल तर साध्या अँपला (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) त्रास नाही. ४ असेल तर अँपच्या पाठीवर '४ ओहम' लिहिलंय का ते बघायचं. तिसरं, वारंवारिता. नुसतं '४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही; पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' किंवा 'उणे ६' असं काही हवं. पीएमपीओ वॉटचा (क्षणभराच्या ताकदीचा, फुगवलेला) आकडा दिसला की कागद खाली ठेवायचा. आणि चौथी गोष्ट, जी कुणी छापत नाही पण आपल्या हवेत फार महत्त्वाची: वूफरच्या कडेचा सराउंड, म्हणजे कोनला चौकटीशी जोडणारी लवचीक कडा, रबराचा आहे की फोमचा. फोम दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत पिठासारखा झडतो. गोव्याकडून येणारे जुने नामांकित स्पीकर स्वस्तात दिसतात, ते घेताना आधी सराउंड बोटाने हलकेच दाबून बघा, आणि टर्मिनलवर हिरवट गंज आहे का तेही.

फेब्रुवारीत ऐकण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. बेळगावच्या बाजारात स्पीकरांची वाण नाही, पण बहुतेक माल पार्टी स्पीकर, होम थिएटर आणि साउंडबार. एका दुकानात पाच वूफरांच्या टॉवरवर हात ठेवून मालक म्हणाले, "दिसायला बघा की ओ सर, लाइट पण मारतंय." त्या पाचांतले खालचे दोन नुसत्याच प्लास्टिकच्या वाट्या होत्या, टॉर्च मारल्यावर मागे चुंबकच नव्हता. मालकांचा दोष नाही, गिऱ्हाईक तेच मागतं. पेटीच्या बगलेवर बोटाच्या पेराने ठोकून बघणं ही अशा ठिकाणची सोपी परीक्षा. 'ठक' असा आखूड, बंद आवाज आला तर भिंत जाड आणि आतून आडवे आधार दिलेले. 'डब्ब' असा रेंगाळणारा आला तर पातळ खोकं, आणि तेच खोकं पुरुषी आवाजात आपला सूर मिसळणार. १५ ते १८ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) या किमतीत मिळतो.

या टप्प्यावर ओळखीचे सुतार हमखास भेटतात. "कशाला बाहेरून घेताय, खानापूरचं सागवान आणतो, पेटी अशी करून देतो की नातवंडं वापरतील." सागवानी पेटी दिसते सुरेख. पण अखंड लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, सांधे उघडतात, आणि फळी स्वतः वाजते. शिवाय पेटीचं घनफळ आणि पोर्टची (पेटीतल्या हवेच्या नळीची) लांबी वूफरच्या मापांवरून काढावी लागते. शोकेसच्या कप्प्याच्या मापाने पेटी केली तर वूफर कितीही चांगला असो, बास एकाच सुरावर गुरगुरतो. सुताराकडून काम घ्यायचंच असेल तर तयार आराखडा, एमडीएफ किंवा चांगला प्लाय, आणि वरून सागाचा विनिअर. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

हुबळी आणि कोल्हापूर दोन्हीकडे शंभर-एकशेदहा किलोमीटर. दुकानात जाताना स्वतःच्या फोनमध्ये चार तुकडे घेऊन जावेत. नुसत्या तंबोऱ्याचं मिनिटभर. पुरुष गायकाचा विलंबित. बाईंचा वरच्या षड्जावरचा ठेहराव. आणि तबला सोलो. तंबोरा सगळ्यात कठोर परीक्षक. काळी एकमध्ये (हार्मोनियमची सप्तकातली पहिली काळी पट्टी) गाणाऱ्याचा सा म्हणजे १३८.६ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. चार इंची वूफरचे बरेच स्पीकर ८० च्या खाली उतरता उतरता दम टाकतात. तरी खर्ज 'ऐकू येतो', कारण जवारीमुळे (घोडीवर तार घासून निघणाऱ्या झंकारामुळे) वरचे स्वरांश भरपूर निघतात आणि मेंदू खालचा सूर भरून काढतो. पण सव्वापाच किंवा साडेसहा इंची वूफरवर तीच तार ऐकली की खालचा भरणा म्हणजे काय ते समजतं. बाईंच्या आवाजात 'स' आणि 'श' टोचतात का बघायचं. टोचत असतील तर ट्वीटर मुद्दाम चढवलेला आहे. दुकानात तो 'स्वच्छ' वाटतो, घरी अर्ध्या तासात डोकं उठतं. तबल्याचा डग्गा घुमवताना सूर वरखाली सरकला पाहिजे; सगळ्या घुमकांना एकच 'बुम' येत असेल तर ती पेटीची खोड.

दुकानात अँपवरचे बास, ट्रेबल, लाउडनेस सगळे शून्यावर आणायला सांगायचं, आणि टॉवर कोपऱ्यात रेटलेला असेल तर पुढे ओढायला. सांगायला लाजू नये. कोपऱ्यात कुठल्याही स्पीकरचा बास वाढतो.

शेवटी दोन जोड्या उरल्या. एक अक्रोडी ग्लॉस, सडपातळ, कडा गोल, ८४ डेसिबल, पोर्ट मागे. दुसरी काळ्या विनाइलची, थोडी बोजड, ८७ डेसिबल, पोर्ट पुढे. कोल्हापूरच्या दुकानदारांनी अनामत ठेवून दोन्ही जोड्या शनिवार-रविवारसाठी घरी न्यायला दिल्या, २२ आणि २३ फेब्रुवारीला. असं विचारलं तर बरेच दुकानदार देतात. फक्त आधीचे ओरखडे फोनने टिपून ठेवा आणि खोकी-थर्मोकोल जपा.

पडद्यासाठी जुन्या धोतराचं पान वापरलं. कापड चालेल का ते ओठाला लावून फुंकून बघायचं. वारा बिनबोभाट पार गेला तर आवाजही जातो. बेडशीट चालत नाही, वरचे सूर खातं. मग महत्त्वाचं काम, दोन्हींचा आवाज सारखा करणं. ८७ ची जोडी त्याच व्हॉल्यूमला ३ डेसिबल मोठी वाजते, आणि मोठं वाजणारं कुणालाही 'जास्त चांगलं' वाटतं. नुसत्या एका डेसिबलनेसुद्धा निकाल फिरतो. बसण्याच्या जागी फोन ठेवून, पिंक नॉइज (सगळ्या सुरांची सरमिसळ असलेला 'श्श' आवाज) लावून, ध्वनी मोजणाऱ्या ॲपवर दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणल्या. फोनचा माइक खरा आकडा सांगत नाही, पण दोहोंतला फरक नीट सांगतो. ऐकणं रात्री साडेनऊनंतर, माग थांबल्यावर. खडखडाटात तंबोऱ्याची शेपटी ऐकू येत नाही आणि सगळेच स्पीकर सारखे वाटतात. मध्येच जोड्यांच्या जागा अदलाबदल केल्या, कारण भिंतीजवळ कोण आणि लांब कोण यानेही मत झुकतं. घरातल्या प्रत्येकाने कागदावर फक्त 'पहिला' किंवा 'दुसरा' लिहायचं, बोलायचं नाही. बोललं की सगळे मोठ्या माणसाच्या मागे जातात.

गळ्याच्या गाण्यात काळी बोजड जोडी सगळ्यांनी उचलली. अक्रोडी ग्लॉसवाली वाईट मुळीच नव्हती. व्हायोलिन आणि झांजा तिच्यावर जास्त मोकळ्या येत होत्या, आणि नुसतं वाद्यसंगीत ऐकणाऱ्याने तीच घ्यावी. पण मागच्या पोर्टमुळे फूटभर अंतरावर तिचा बास फुगत होता, पोर्टमध्ये फोमचा बोळा घातल्यावर आटोक्यात आला तेव्हा खालचा भरणाही गेला. पडदा काढल्यावर घरातून आलेली प्रतिक्रिया अपेक्षित होती: "हीच का निघाली?"

इथे आधी उरकलेलं रूपाचं बोलणं कामी आलं. त्याच काळ्या मॉडेलची अक्रोडी विनाइल आवृत्ती होती. काळी २६,०००, अक्रोडी २८,०००. दोन हजार निव्वळ रंगाचे, आणि ते डोळे उघडे ठेवून दिले. त्यामुळे जोडी हॉलमध्ये योग्य जागी उभी राहणार होती, आणि दोन हजारांत आवाजाची तेवढी सुधारणा दुसऱ्या कशाने मिळत नाही. अक्रोडी माल मुंबईहून मागवावा लागतो म्हणून दोन आठवडे थांबणं आलं. ऑनलाइन तोच माल जरा स्वस्त दिसत होता, पण एमडीएफच्या पेट्या कुरिअरमध्ये कोपऱ्यावर आपटतात, कोपरा फुसका होतो, आणि चौदा किलोचं खोकं परत पाठवायचा उपद्व्याप आपल्या माथी. ऑनलाइन घेतलंच तर खोकं उघडतानाचं अखंड चित्रण करून ठेवा, सील दिसेल असं.

बिल १५ मार्चला झालं. स्पीकर २८,०००, अँप १४,५००, मिळून ४२,५००. अँप ८ ओहमला ४० वॉटचा. हे पुरतं का? ८७ डेसिबलची जोडी अडीच मीटरवर एका वॉटला ८२ च्या आसपास देते, दहा वॉटला ९२. घरात त्यापुढे कुणी जात नाही. आणि एक गैरसमज: लहान अँपने मोठा स्पीकर जळत नाही हे खरं नाही. लहान अँप कान फाटेस्तोवर पिळला की तो तरंगांची टोकं कापतो, आणि त्या कापलेल्या आवाजातली वरची ऊर्जा आधी ट्वीटर जाळते. वॉरंटीत जळलेली कॉइल (स्पीकरच्या आतलं तारेचं वेटोळं) सहसा बसत नाही.

सीमेपलीकडून माल आणण्याबद्दल अजून लोकांच्या मनात जुनी धास्ती आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून घरगुती खरेदीवर हद्दीत वेगळा कर भरावा लागत नाही. १८ टक्के बिलातच असतो, आमच्या बिलात सुमारे ६,४८०. बिलावर आपला कर्नाटकातला पत्ता लिहिला तर आयजीएसटी (आंतरराज्य कर) लागतो, पत्ता नसेल तर सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा); नाव वेगळं दिसलं म्हणून गोंधळू नका. एका बिलातला माल पन्नास हजारांच्या पुढे गेला तर राज्य ओलांडताना ई-वे बिलाचा (माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचा) प्रश्न येतो, तेव्हा ते दुकानदाराकडूनच करून घ्यायचं. बिल गाडीच्या डिकीत नको, हाताशी ठेवा. कोगनोळीच्या टोलनाक्यावर आम्हाला कुणी विचारलं नाही, पण विचारलं तर शोधाशोध नको.

दुकान सोडण्याआधी खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, निर्मितीचा महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेलं लेबल आहे का बघा. आयात मालावर ते कायद्याने लागतं. नसेल तर माल मागच्या दाराने आलेला, आणि भारतातली वॉरंटी मिळेल याचा भरवसा नाही. दोन्ही पेट्यांचे अनुक्रमांक वॉरंटी कार्डावर आणि बिलावर लिहून, शिक्का मारून घ्या. बिल पातळ थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, वर्षात तो कोरा होतो. पुढे काही बिनसलं आणि दुकानदार परराज्यातला म्हणून हात वर करू लागला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. माल कोल्हापूरचा असला तरी तक्रार बेळगावात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून बघायचा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

स्टँड तयार घेतले तर जोडीला पाच-सहा हजार. उद्यमबागेत वेल्डिंगवाल्याकडून ३,६०० मध्ये झाले, पावडर कोटिंगसकट. माप असं: दोन इंची चौकोनी पाइप, ६० सेंटिमीटर उंच, खालची पाटी १२ बाय १० इंच, ६ मिलिमीटर जाड, म्हणजे एकट्या पाटीचं वजन साडेतीन किलोच्या वर, वरची पाटी पेटीच्या तळाहून किंचित लहान, म्हणजे ती दिसत नाही, खाली चार नट-बोल्ट, फरशीच्या उतारावर समतोल साधायला. पाइपात चाळलेली, तव्यावर भाजून कोरडी केलेली वाळू. ओली भरली तर पाइप आतून गंजतो. उंचीचा हिशेब कानावरून. सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून ९५ सेंटिमीटरच्या आसपास, मांडी घालून बसलं की ७५. आमच्या पेटीत ट्वीटर तळापासून २८ वर, म्हणजे स्टँडसकट ८८, दोन्हीच्या मध्ये.

तार इलेक्ट्रिकच्या दुकानातली, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, बाजूला पाच मीटर, सगळी मिळून साडेपाचशे. पाच मीटर जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम, ८ ओहमपुढे नगण्य. महागड्या तारांची गरज नाही. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार गळ्यात पडू नये म्हणून एक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरा निघाला तर परत करा. जोडताना लाल-काळं एका बाजूला जरी उलटलं तर आवाज मधोमध न येता खोलीभर भरकटतो आणि बास गायब होतो. शंका असेल तर दीड व्होल्टचा सेल तारेच्या टोकांना क्षणभर टेकवा: सेलचं धन टोक लालला लावल्यावर वूफर बाहेर उसळला तर जोडणी बरोबर.

मग जागा. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि जावा. दोन ट्वीटरांत २.१ मीटर, बसायची जागा २.४ मीटरवर, तोंडं किंचित आत. वूफरच्या मागे जाणारा खालचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि ठराविक सुराला काटतो. तो सूर काढायचं सूत्र सोपं: ३४३ भागिले वूफर ते भिंत अंतराची चौपट, अंतर मीटरमध्ये. आमची पेटी २७ सेंटिमीटर खोल. मागे फूटभर सोडलं की वूफर भिंतीपासून ५७ वर, आणि खड्डा १५० हर्ट्झला. आणखी पाच सेंटिमीटर पुढे, ६२ वर आणलं तर तो बरोबर १३८ ला, काळी एकच्या सा वर! गायक षड्जावर आला की आवाज मागे सरतो, असं पहिल्या संध्याकाळी वाटत होतं ते यामुळे. ५० वर नेलं तेव्हा खड्डा १७२ ला गेला आणि सा भरला. खड्डा कुठेतरी पडणारच. आपण जे ऐकतो त्यातून तो चुकवायचा. तुमच्याकडे ऐकणं बाईंचं, काळी चारचं असेल, तर २०७ हर्ट्झ सांभाळा, म्हणजे ४१ सेंटिमीटर टाळा.

शोकेसशिवाय जागाच नसेल तर पुढच्या पोर्टची किंवा बंद पेटी घ्या, तिचं तोंड कप्प्याच्या कडेशी सपाट आणा, आणि भोवतीच्या पोकळीत पुस्तकं किंवा दुमडलेली वाकळ कोंबा. बास तरी थोडा भारी राहणार, तो टोन कंट्रोलने एक-दोन डेसिबल उतरवायचा.

फरशीसाठी स्पीकर आणि बैठक यांच्या मध्ये नवलगुंदचा जमखाना अंथरला, १,८०० चा. सुती जमखाना फक्त वरचे सूर शोषतो; खाली एक वाकळ घातल्यावर मधलाही कल्लोळ कमी झाला आणि 'स' मऊ झाले. तारांच्या टोकांच्या केळी-पिना (बनाना प्लग) ४००. सगळा खर्च ४८,८५०.

पाडव्याच्या आधी, म्हणजे ३० मार्चपूर्वी, २० ते २०० हर्ट्झचा सरकता सूर बारीक आवाजात सोडून पाहिला. ९० च्या आसपास झणझण आली. वूफर फाटला असं वाटून दुकानाला फोन लावण्याआधी घर तपासा. शिवरायांच्या तसबिरीची काच चौकटीत सैल होती, आणि शोकेसच्या सरकत्या काचा. तसबिरीमागे कागदाची घडी आणि काचांच्या खोबणीत फेल्टची पट्टी, काम झालं.

मे महिन्यात वळवाच्या विजा सुरू झाल्या की अँपचा प्लग काढून ठेवायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जूनपासून पेटी भिंतीच्या ओलीपासून सुटी आहे का बघायचं, जाळीवर बुरशीचे ठिपके आले तर जाळी काढून कोरड्या ब्रशने झटकायची, सॅनिटायझर किंवा ओलं फडकं कोनला लावायचं नाही. पेटी फरशीवर ठेवणाऱ्यांनी पोछ्याच्या पाण्यापासून जपावं. एमडीएफ एकदा खालून फुगला की परत बसत नाही. पाऊस सरल्यावर वूफर-ट्वीटरचे स्क्रू हातातल्या पेचकसाने एकेक करून तपासा, सैल असतील तेवढेच आवळा. ड्रिल मशीन लावलं तर एमडीएफमधली पकड कायमची जाते.